हक्क, सोड आणि पत्र

नाशिक रोडला दोन मोठे सरकारी छापखाने आहेत. एकात नोटा छापतात. दुसऱ्यात पासपोर्ट, टपाल तिकिटं आणि स्टॅम्पपेपर. पहिल्याचं नाव 'चलार्थ पत्र मुद्रणालय', दुसऱ्याचं 'भारत प्रतिभूति मुद्रणालय'. दोन्ही इंग्रजांच्या काळापासूनचे. इथल्या कित्येक घरांच्या चुली त्यांच्यावर पेटल्या. पण ही नावं तोंडाने घेणारा माणूस मला अजून भेटायचाय. इथे माणूस 'प्रेसमध्ये' कामाला असतो. विषय संपला.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. लांब शब्द आला की मुलांना टाळ्या वाजवायला लावते. तोंडातून एका झटक्यात जेवढं बाहेर पडतं, तेवढ्याला एक टाळी. 'प्रेस'ला एक. 'प्रतिभूति मुद्रणालय'ला आठ: प्र, ति, भू, ति, मुद्, र, णा, लय. आठ टाळ्यांचं नाव लोकांनी एका टाळीत बसवलं आणि कोणाचं काही अडलं नाही.

सगळ्याच लांब शब्दांचं असं नसतं. काही शब्द न कळता पुढे गेलं तर त्याची किंमत मोजावी लागते. आज तशाच एका शब्दाबद्दल लिहायचंय. याच गावात छापलेल्या स्टॅम्पपेपरवर तो टाइप होतो. शब्द आहे 'हक्कसोडपत्र'. त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी थोडं व्याकरण लागेल. ज्यांना शाळेत समास नकोसा वाटायचा, त्यांनीही सोबत यावं.

आमच्या मुलांची अडचण लिपीपासून सुरू होते. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्याने घालायचे. देवनागरीत उलटं. प्रत्येक अक्षरात एक 'अ' दडलेला असतो, आणि कुठला 'अ' बोलायचा नाही हे वाचणाऱ्याने ओळखायचं. ओळखीच्या शब्दाशी काही अडत नाही. 'घर' लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एक टाळी, हे आमच्या मुलांना ठाऊक असतं, कारण तो शब्द उर्दूतही आहे. अडतं ते अनोळखी लांब शब्दाशी. 'कुलमुखत्यारपत्र' समोर आलं की मूल वाचतं: कु, ल, मु, ख, त्या, र, प, त्र. आठ अक्षरं, आठ टाळ्या, अर्थ शून्य.

तोच शब्द सांध्यावर मोडा. कुल, मुखत्यार, पत्र. आता टाळ्या पाचच: कुल, मुख, त्यार, पत्, र. 'ल'मधला 'अ' गळाला, 'ख'मधला गळाला, 'त्यार'च्या शेवटचा गळाला. सांधा कळला की उच्चार आपोआप बसतो. आणि सांधा कळल्यावर वर्गातल्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण 'कुल' म्हणजे सगळं आणि 'मुख़्तार' म्हणजे ज्याच्या हाती अधिकार आहे तो, हे दोन्ही शब्द त्यांच्या घरचे. मराठीचा म्हणून घाबरवणारा शब्द दोन तृतीयांश ओळखीचा निघतो.

सांधा चुकला तर मात्र फसगत होते. 'घरदार' आणि 'दुकानदार' घ्या. दोन्हींच्या शेवटी 'दार'. पहिल्यातलं दार म्हणजे दरवाजा, संस्कृत 'द्वार'वरून आलेलं. दुसऱ्यातलं फारसी प्रत्यय, 'बाळगणारा' या अर्थाचा. म्हणून कर्जापायी माणूस घरदार विकतो, दुकानदार विकत नाही. हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात आणि मग विसरत नाहीत.

शब्द तयार करण्याची प्रत्येक भाषेची आपली रीत असते. अरबी भाषा साच्यात ओतते. तीन व्यंजनांचं मूळ घ्यायचं आणि वेगवेगळ्या साच्यांत घालायचं: हक़, हक़ीक़त, तहक़ीक़, हुक़ूक़. फारसी शेपूट जोडते: दार, खाना, नामा, गिरी. संस्कृत डब्याला डबा जोडत जाते, मुद्रण आणि आलय मिळून मुद्रणालय. मराठीने या तिन्ही रीतींचा माल घेतला, वर स्वतःचा घातला आणि सगळं एकमेकांत मिसळून टाकलं. 'पंचनामा'तले पंच इथले, नामा फारसी. 'साक्षीदार'मधला साक्षी संस्कृत, दार फारसी. 'वारसनोंद'मधला वारस अरबी, नोंद मराठी. उर्दूतलं 'माल-ओ-मताअ' मराठीत आलं तेव्हा मराठीने मधला 'ओ' काढून टाकला आणि 'मालमत्ता' केली.

बोलणाऱ्यांच्या जिभेने या शब्दांना घासूनही काढलं. 'फ़र्द' म्हणजे यादी, कागद, आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फर्दनवीसचा फडणवीस झाला, त्याहून घासला तो फडणीस. तीन टाळ्यांच्या दोन झाल्या. चिटणीस आणि पारसनीस यांच्या शेवटीही तोच 'नवीस' झिजून बसलाय. आडनाव लावणाऱ्याला ते फारसी वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

कधी तुकडे तेच राहतात आणि अर्थ पालटतो. उर्दूत 'राज़ीनामा' म्हणजे तडजोडीचा, समेटाचा कागद. मराठीत 'राजीनामा' म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. उर्दूत त्याला इस्तीफ़ा म्हणतात. आमच्या एका मुलाने निबंधात लिहिलं होतं की दोन शेजाऱ्यांचं भांडण मिटलं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्याच्या घरच्या भाषेत ते बरोबर होतं. जोडशब्दाचे तुकडे कळले म्हणजे अर्थाची दिशा कळते, पण शेवटचा अर्थ तो शब्द वापरणाऱ्या समाजाला विचारावा लागतो.

हे मिश्रण सगळ्यांना पसंत नव्हतं. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. पुढे विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. त्यांचं गाव भगूर इथून जवळच. त्यांनी घडवलेले 'महापौर', 'दिनांक' असे शब्द छान रुळले. मी रोज फळ्यावर 'दिनांक' लिहिते आणि मुलांना विचारते, आज तारीख किती? दोन्ही शब्द एकाच फळ्यावर सुखाने राहतात.

पण जमिनीच्या आणि कोर्टाच्या कागदांतून वारस, दावा, कब्जा, तक्रार, मोबदला हे शब्द गेले नाहीत. ते कागदावर येण्याच्या आधी लोकांच्या तोंडी बसले होते. किती बसले होते ते बघायचं तर 'हुकूम' घ्या. मूळ 'हुक्म' एका झटक्याचा. शेवटचा 'क्म' मराठी जिभेला जड गेला, तिने मध्ये 'ऊ' घातला आणि शब्द दोन टाळ्यांचा केला. प्रत्यय लागला की तोच 'ऊ' पडतो: हुकूम, हुकमाने. अगदी माणूस, माणसाने. लाकूड, लाकडाने. अरबी शब्द मराठीच्या जुन्या घरगुती नियमाने चालायला लागला. आम्ही इथले की बाहेरचे, असं कोणी विचारलं की मला हा 'हुकूम' आठवतो. व्याकरणाने त्याला माणसाच्या रांगेत उभं केलंय.

आता हक्कसोडपत्र.

दोनेक वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीची आई संध्याकाळी घरी आली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद बाहेर काढले. "बाजी, जरा पढ के सुनाओ ना. भाई बोलते, सिर्फ दस्तखत करने का है." तिची आई आधीच गेलेली, वडील जाऊन वर्ष झालेलं. मागे दोन खोल्यांचं घर आणि एक छोटा प्लॉट. दोन भाऊ, ही एकटी बहीण. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत मथळा होता. टाइप करणाऱ्याने त्याचे तीन तुकडे केले होते: हक्क सोड पत्र.

तिला मराठी बोलता येतं, वाचता जेमतेम. तिने बोट ठेवून पहिला तुकडा वाचला. "हक्क." तो तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हक़ म्हणजे अधिकार, हक़ म्हणजे सत्य, आणि अल्लाहच्या नावांतलंही ते एक नाव. मग बोट पुढे सरकलं. "सोड." तिने माझ्याकडे बघितलं. "छोड बोलके लिखेला है क्या?"

व्याकरणाच्या दृष्टीने तिने अगदी बरोबर वाचलं होतं. 'हक्कसोडपत्र' एकत्र लिहिलं तर ते एका कागदाचं नाव आहे. मध्ये जागा सोडली की 'हक्क सोड' हे आज्ञार्थी वाक्य होतं. बहिणीला दिलेला हुकूम.

जोडशब्द तोडून लिहिला की असं होतं, आणि ते फक्त मराठीत होत नाही. नॉर्वेजियन लोक लांबच लांब जोडशब्द करतात आणि ते एकत्र लिहिण्याबद्दल फार काटेकोर असतात. तिथलं नेहमी दिलं जाणारं उदाहरण खाण्याचं आहे. 'लाम' म्हणजे कोकरू. मध्ये जोडणारा 'ए' घालून 'लाम्मेकोटेलेट्टर' म्हटलं की कोकराच्या मांसाचे चॉप. हाच शब्द तोडून 'लाम्मे कोटेलेट्टर' लिहिला तर अर्थ होतो लुळे पडलेले चॉप, कारण 'लाम'चा दुसरा अर्थ लुळा. बोलताना गोंधळ होत नाही, कारण जोडशब्दात मुख्य जोर पहिल्या तुकड्यावर येतो आणि कान ते पकडतो. लिहिताना मात्र ती एक मोकळी जागा घात करते.

त्यांचा तो जोडणारा 'ए' वाचून मला आपलाच कोणी भेटल्यासारखं वाटलं. आपणही कांदापोहे म्हणत नाही, कांदेपोहे म्हणतो. मामाभाऊ नाही, मामेभाऊ. घोडास्वार नाही, घोडेस्वार. दोन शब्दांमध्ये एवढासा 'ए' बसवला की ऐकणाऱ्याला कळतं, हे दोघं आता एक आहेत.

'हक्कसोड'मध्ये असा सांधा दिसत नाही. तिथे नाम आणि धातू नुसते शेजारी उभे आहेत. ही ठेवण मराठीला चांगली परिचयाची आहे: डोकेफोड, काडीमोड. धातू शेवटी येतो, त्याला काळ नसतो, कर्ता नसतो. तलाकच्या कागदाला मराठीत सोडचिठ्ठी म्हणतात, तिथेही हाच 'सोड' आहे, फक्त पुढे आलाय. सोडणारा कोण आणि सुटलेला कोण, हे शब्द सांगत नाही.

समासाचं कामच हे असतं. तो विभक्ती गाळतो, क्रियापदाचा कर्ता गाळतो, वचन गाळतो आणि उरलेलं घट्ट बांधतो. बांधलेलं सोडून गाळलेलं परत घालायचं, याला आपण विग्रह म्हणतो. पुरणपोळीचा विग्रह 'पुरण घालून केलेली पोळी' असा वर्गात मजेत होतो. त्या संध्याकाळी माझ्या घरातल्या चटईवर आम्ही हक्कसोडपत्राचा विग्रह केला.

लांब शब्द मी शेवटाकडून वाचते. शेवटचा तुकडा वस्तू कोणती ते सांगतो. पत्र. म्हणजे हा एक दस्त आहे, नुसती पावती नाही. कशाचं पत्र? सोडल्याचं. काय सोडल्याचं? हक्क. इथपर्यंत मथळा पुरतो. पुढचे प्रश्न मथळ्याने गाळलेले होते, ते आतल्या पानांवर शोधावे लागले. हक्क कोणाचा? 'लिहून देणार' या शब्दांपुढे तिचं नाव होतं. कोणाच्या लाभात? 'लिहून घेणार' दोघे भाऊ. कशावरचा? खाली मिळकतीचं वर्णन होतं, त्यात घर होतं आणि प्लॉटही होता. तिला फक्त घराचं सांगितलं होतं. कशाच्या बदल्यात? तिथे आणखी एक मिश्र जोडशब्द बसला होता: 'विनामोबदला'. 'विना' संस्कृत, 'मोबदला' अरबी. पाच टाळ्या, आणि अख्ख्या दस्तातला सगळ्यात महाग शब्द.

शेवटी अशा कागदांत असतंच ते वाक्य होतं, की लिहून देणार हे राजीखुशीने लिहून देत आहे. 'राजीखुशी' तिला लगेच कळलं. ती म्हणाली, "राजीखुशी? मेरेकू पूछे किसने?"

भाऊ वाईट होते असं मला म्हणायचं नाही. त्यांनी लहानपणापासून हेच पाहिलं होतं. आमच्याकडे म्हणतात, "बहनां माफ कर देते." तिच्या फुफूंनी माफ केलं, तिच्या आईनेही आपल्या भावांना माफ केलं. बोलीतल्या या वाक्याला निदान कर्ता आहे. माफ करणारी बहीण वाक्यात उभी तरी आहे. 'हक्कसोड' म्हटलं की तीही जाते. उरतो एक कार्यालयीन शब्द, जणू हक्क आपला आपणच सुटून गेला.

कुरआनच्या सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलाय, मुलाच्या निम्मा. वारस फक्त दोन मुलगे आणि एक मुलगी असतील तर पाचातला एक भाग तिचा. तो कोणी मेहेरबानीने द्यायचा नाही, तो आहेच. वारसाचा हा हिस्सा माणसाच्या मृत्यूनंतर तयार होतो, म्हणून वडील हयात असताना मुलीकडून हक्क सोडून घेण्यात अर्थ नसतो. 'सोड'च्या आधी 'हक्क' असावा लागतो, शब्दातही आणि कायद्यातही. आणि शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावा लागतो. घरातल्या घरात केलेली 'सिर्फ दस्तखत' पुरत नाही.

हे फक्त आमच्याच घरांत चालतं असं कोणी समजू नये. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर झाला. तरी माझ्या मराठी शेजारणी सांगतात की वडिलांच्या तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊ गाडी घेऊन येतो आणि बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन जातो. त्या म्हणतात, माहेर तुटायला नको. बोलताना त्याही शब्दाचं शेपूट कापतात: "आम्ही हक्कसोड दिली." प्रार्थना वेगळी, वारसाचा कायदा वेगळा, पण कागदाचं नाव दोघींचं एकच, आणि त्या नावात दोघींचेही शब्द आहेत.

सोडू नये, असं मी कोणाला सांगत नाही. भावाची परिस्थिती बघून बहिणीने आपला वाटा सोडणं ही मोठी गोष्ट आहे. पण काय सोडतोय ते माहीत असलं तरच सोडण्याला मोठेपण येतं. माझ्याकडे आलेल्या बाईने भावांशी भांडण केलं नाही. कागद परत नेऊन दिला आणि दोनच गोष्टी विचारल्या: प्लॉट यात का आहे, आणि 'विनामोबदला' कोणी लिहिलं? दीड महिन्याने दुसरा दस्त तयार झाला. त्यात घरावरचा हक्क सोडलेला होता, प्लॉटचा उल्लेख नव्हता आणि 'विनामोबदला'च्या जागी रक्कम होती. तो तिने स्वतः वाचला, अडखळत, एकेका टाळीने.

त्यानंतर मी समासाचा धडा थोडा बदललाय. पुरणपोळी आणि मामेभाऊ झाले की मुलांना सांगते, घरच्या कागदांतला एक लांब शब्द वहीत उतरवून आणा. कागद आणायचा नाही, फक्त शब्द. यंदा आलेले शब्द असे: शिधापत्रिका, थकबाकीदार, खरेदीखत, बक्षीसपत्र, सातबारा. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, निव्वळ आकड्यांचा समास, हे कळल्यावर मुलं खूश झाली. एका मुलीने 'वारसनोंद' आणला होता. मी तिला विग्रह करायला फळ्याकडे बोलावलं. तिने लिहिलं, 'वारसांची नोंद'. मग 'सां'वरच्या अनुस्वाराकडे बोट दाखवून विचारलं, "टीचर, हे अनेकवचन आहे ना? म्हणजे यात मुलीपण येतात?"

मी म्हटलं, येतात. वहीत लिहून घ्या सगळ्यांनी.